मुलांचे वाढलेले वजन : वाढीचा तक्ता कसा वाचावा आणि उपचार नेमका कोणावर करावा?

निर्गुडी

मी नाशिकमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. प्रौढांच्या बीएमआयचे (किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) आकडे आता बहुतेकांना तोंडपाठ झाले आहेत आणि तेच आकडे पालक आपल्या मुलांनाही लावून पाहतात. त्यातून होणारा गोंधळ दूर व्हावा, यासाठी हा धागा काढत आहे.

बीएमआय 18.3 असलेल्या तरुणाला आपण बारीक म्हणतो, कारण प्रौढांमध्ये 18.5 च्या खाली वजन कमी धरले जाते. नुकतीच पाच वर्षे पूर्ण केलेल्या मुलाचा बीएमआय तेवढाच, म्हणजे 18.3 भरला, तर मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार तो स्थूलतेच्या उंबरठ्यावर असतो. बाळाचा बीएमआय पहिल्या वर्षात भराभर वाढतो, मूल चालू-पळू लागल्यावर उतरू लागतो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत खाली येतो आणि तिथून वयात येईपर्यंत पुन्हा चढत जातो. म्हणूनच मुलांसाठी एकच एक आकडा सांगता येत नाही. वय आणि लिंग यांनुसार तक्ता पाहावा लागतो. ही दुसरी चढण पाच वर्षे पूर्ण होण्याच्या बरीच आधी सुरू झाली, तर पुढे स्थूलता येण्याची शक्यता वाढते. बालवाडीच्या वयात ‘अंग धरू लागलेल्या’ मुलाचे घरात कौतुक होत असते, पण बालरोगतज्ज्ञाने नेमके तेव्हाच लक्ष द्यायला हवे.

पाच वर्षांपर्यंत आपण जागतिक आरोग्य संघटनेची 2006 ची मानके वापरतो. ती सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून तयार झाली असून त्यांत दिल्लीची मुलेही होती. या वयात उंचीच्या मानाने वजन पाहतात. पाच ते अठरा वर्षांसाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे 2015 चे भारतीय तक्ते आहेत. त्यांच्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा पुढाकार होता. या तक्त्यांत अतिवजनाची रेषा अशी आखली आहे, की ती अठराव्या वर्षी प्रौढांच्या 23 या आकड्याला मिळते, आणि स्थूलतेची रेषा 27 ला मिळते. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे 25 आणि 30 असतात. आपल्याकडे ते खाली घेतले आहेत, कारण भारतीयांना कमी बीएमआयवरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात.

मोजमाप नीट झाले नाही तर तक्ता कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. उंची मोजताना बूट-मोजे काढावेत, अंबाडा किंवा केसांचा क्लिप सोडावा, टाचा भिंतीला टेकवाव्यात आणि नजर समोर असावी. 35 किलो वजनाच्या मुलीची उंची 130 सेंटीमीटर असेल तर बीएमआय 20.7 येतो, बूट घालून ती 132 भरली तर 20.1 होतो. एवढ्या फरकाने मूल रेषेच्या अलीकडून पलीकडे जाऊ शकते.

अनुजा_ठाणे

डॉक्टर, धागा अगदी वेळेवर आला. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, उंची 138 सेंटीमीटर आणि वजन 44 किलो. शाळेच्या आरोग्य तपासणीत त्याच्या कार्डावर ‘स्थूल’ असा शेरा आला. त्याहून वाईट म्हणजे वजन सर्व वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आले आणि तेव्हापासून तो शाळेत डबा पुरता खात नाही, घरी आल्यावर मात्र जे समोर येईल ते संपवतो. सासूबाईंचे म्हणणे असे, की उंची वाढली की आपोआप झडेल. माझ्या बहिणीने थायरॉइड तपासायला सांगितले आहे. त्याचे नक्की किती किलो वजन कमी करावे लागेल, एवढे कृपया सांगावे.

जुना वाडा

मी सांगलीचा, वय सत्तरीच्या पुढे. ज्या राज्यात आजही मुले कुपोषणाने खुरटतात, तिथे चांगल्या खात्यापित्या मुलाच्या कार्डावर ‘स्थूल’ लिहिण्याची घाई कशासाठी, हे मला कळत नाही. गुटगुटीत मूल हे घराचे वैभव समजले जाई आणि आमच्या पिढीतली अशी मुले पुढे सडसडीत झालेली मी पाहिली आहेत. डॉक्टर मंडळींनी प्रत्येक गोष्टीचा आजार करू नये, अशी नम्र सूचना आहे.

निर्गुडी

जुना वाडा यांस : कुपोषणाचा मुद्दा आपण मांडला ते योग्यच झाले, कारण दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, कधी कधी एकाच घरात नांदत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच वयोगटातील अतिवजनाचे प्रमाण आधीच्या फेरीतील 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेले. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने दाखवला. 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा त्यांनी अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंच्या बाबतीत फार मागे होती, पण त्वचेखालच्या चरबीत त्या मानाने फारशी मागे नव्हती. अशा शरीरावर पुढे झपाट्याने वजन चढले की ते चरबीच्या रूपानेच अधिक चढते. आपल्या पिढीतील गुटगुटीत मुले सडसडीत झाली, कारण ती पुढची दहा वर्षे पायी शाळेत गेली, शेतात राबली आणि संध्याकाळी घराबाहेर असत. आजचे मूल तसे वाढत नाही.

अनुजा, तुमच्या मुलाचा बीएमआय 23.1 येतो. दहा वर्षांच्या मुलासाठी हा आकडा भारतीय तक्त्याच्या स्थूलतेच्या रेषेच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ही मर्यादा 21.4 आहे, तीही तो ओलांडतो. त्यामुळे शेरा चुकीचा नाही, तो सांगण्याची पद्धत मात्र अक्षम्य आहे.

थायरॉइडविषयी. अधिक खाणे आणि कमी हालचाल यांमुळे वजन वाढलेली मुले सहसा वयाच्या मानाने उंच किंवा निदान मध्यम उंचीची असतात, कारण जादा पोषणाने उंचीही तात्पुरती पुढे धावते. थायरॉइडचा दोष, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा विकार) किंवा वाढीच्या संप्रेरकाचा दोष असेल तर वजन वाढते आणि उंची अडते. वजन वाढत असताना उंचीची रेषा आडवी झालेले मूल दिसले की मी थांबून विचार करते. तुमच्या मुलाची 138 सेंटीमीटर उंची मध्यम आहे आणि गेल्या वर्षी ती पाच-सहा सेंटीमीटर वाढली असेल, तर थायरॉइड हे कारण असण्याची शक्यता अगदी कमी आहे. उलट, स्थूल मुलांत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) किंचित वाढलेला आढळणे नेहमीचे आहे. तो बहुधा वाढलेल्या वजनाचा परिणाम असतो आणि वजन आटोक्यात आले की उतरतो. तेवढ्यावरून गोळी सुरू झालेली मुले माझ्याकडे येतात. त्यांचे पालक समाधानात असतात आणि वजन जिथल्या तिथे असते.

तपासायचे ते दुसरेच. योग्य मापाच्या पट्ट्याने रक्तदाब, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी), कोलेस्टेरॉलसह रक्तातील चरबी आणि यकृतासाठी एएलटी ही रक्ततपासणी. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा काळपट थर असेल तर तो मळ नसतो. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे ते लक्षण असते आणि साबणाने घासून जात नाही. मूल रात्री मोठ्याने घोरते का, झोपेत श्वास अडखळतो का, सकाळी डोके दुखते का, हेही विचारायला हवे. चालताना लंगडणे, मांडी किंवा गुडघा दुखणे याला ‘वजनामुळे होणारच’ म्हणून सोडून देऊ नये. खुब्याच्या हाडाचे टोक घसरल्याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी त्याच दिवशी एक्स-रे काढावा लागतो.

आता किती किलो? उंची वाढत असलेल्या मुलाच्या बाबतीत पुष्कळदा उत्तर शून्य असते. तुमचा मुलगा वर्षभरात 144 सेंटीमीटर झाला आणि वजन 44 किलोवरच राहिले, तर बीएमआय 23.1 वरून 21.2 वर येईल. आणखी एका वर्षाने 150 सेंटीमीटरला तो 19.6 होईल. सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. उंची मदत करते, पण त्या काळात वजन रोखून धरले तरच. उंची वाढणे थांबत आलेल्या मुलांत आणि तीव्र स्थूलतेत वजन प्रत्यक्ष उतरवावे लागते, तेही हळूहळू आणि देखरेखीखाली.

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे. अनुजाताई, मुलाला ‘डाएट’वर ठेवू नका. एकाच घरात त्याच्यापुढे उकडलेली भाजी आणि धाकट्या बहिणीपुढे पुरी-बटाटा, असे झाले की तो बाहेर खाऊ लागतो आणि लपवू लागतो. बदल करायचा तो घराच्या किराणा यादीत.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांची चोवीस तासांची नोंद पाहिली तर दोन्ही जेवणे फार बिघडलेली नसतात. बिघाड असतो तो दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत. मूल शाळेतून भुकेले येते, क्लासला निघायची घाई असते आणि हाताशी बिस्किटांचा पुडा, खारी, फरसाण, दोन मिनिटांच्या शेवया असतात. बिस्किटे किंवा फरसाण यांनी पोट भरल्यासारखे वाटत नाही, म्हणून मूल क्लासच्या बाहेर वडापाव खाते आणि रात्री भूक नसते. भाजी ताटात उरते, नऊ-दहा वाजता मोबाइल पाहत पुन्हा काहीतरी खाल्ले जाते. ही साखळी चार वाजताच तोडायची. त्या वेळी खऱ्या अर्थाने जेवणच द्यावे : पोळी-उसळ, थालीपीठ आणि दही, मुगाचे धिरडे, भाकरीचा कुस्करा आणि ताक, उकडलेले अंडे. शाळेत डबा नीट खाल्ला गेला नसेल तर हे आणखी गरजेचे आहे. मग रात्रीचे जेवण हलके झाले तरी चालते.

दुसरी गोष्ट दुधाची. ‘तो काहीच खात नाही हो, फक्त दूध पितो’ असे सांगणाऱ्या आयांच्या मुलांचे वजन मला अनेकदा जास्त आढळते. अर्धा लिटर फुलक्रीम दुधातून साधारण 440 कॅलरी मिळतात, टोन्ड दुधातून सुमारे 300. त्यावर साखर आणि चॉकलेटी पावडर वेगळी. दूध बंद करण्याचे कारण नाही, पण मोठा पेला लहान करावा आणि पावडरीचा डबा आणूच नये. पॅकबंद फळांच्या रसालाही फळ समजू नये. मुक्त साखर, म्हणजे वरून घातलेली आणि मध, फळांचा रस यांतली साखर, एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2000 कॅलरींच्या आहारात ती 50 ग्रॅम होते. शीतपेयाच्या 300 मिलीलिटरच्या एका बाटलीत त्यातली तीस ग्रॅमच्या आसपास संपते.

जुना वाडा

तुपावर काही बोलला नाहीत, हे नशीब.

ताटवाटी

वरणभातावरच्या चमचाभर तुपाने मुले स्थूल होत नाहीत, काका. ते खुशाल वाढा. तळणाचे तेल मोजा.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी चौदा वर्षांची असून तिचा बीएमआय बराच वर आहे. येथील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समुपदेशनासोबत वजन उतरवण्याच्या इंजेक्शनचाही पर्याय मांडला. पुण्याहून आमच्या आईला हे कळल्यावर ‘पोरीला व्यसन लावता काय’ असा फोन आला. भारतातील डॉक्टरांचे मत काय आहे?

निर्गुडी

आपल्या डॉक्टरांनी तेथील प्रचलित मार्गदर्शनानुसारच सांगितले आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने जानेवारी 2023 मध्ये भूमिका बदलली. ‘थांबून पाहू’ हे धोरण सोडून बारा वर्षांपुढील स्थूल मुलांना औषधाचा पर्याय द्यावा आणि तेरा वर्षांपुढील तीव्र स्थूलतेत शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, असे त्यांनी म्हटले. त्याच मार्गदर्शनात आणखी एक अट आहे, जिची चर्चा कमी होते : तीन ते बारा महिन्यांत कुटुंबासह किमान 26 तासांचे प्रत्यक्ष समुपदेशन. औषध त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

अशा इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाची बारा ते अठरा वयोगटातील 201 मुलांवर चाचणी झाली. 68 आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी 16.1 टक्क्यांनी उतरला, तर औषधाविना जीवनशैलीचा सल्ला घेणाऱ्यांचा 0.6 टक्क्यांनी वाढला. परिणाम निर्विवाद आहे. मळमळ, उलट्या हे त्रास अनेकांना होतात आणि औषध थांबवल्यावर वजन परतण्याची प्रवृत्ती प्रौढांत स्पष्ट दिसली आहे. याला व्यसन म्हणणे मला पटत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचे ते दीर्घकाळ चालणारे औषध आहे. भारतात 2025 मध्ये वजनासाठी ही इंजेक्शने आली ती प्रौढांसाठी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना त्यांची गरज नाही. तीव्र स्थूलता, जोडीला यकृताचा किंवा साखरेचा बिघाड, आणि मनापासून केलेल्या प्रयत्नांना न आलेले यश असेल, तर मात्र केवळ भीतीपोटी औषध नाकारणे योग्य नव्हे. मुलीची पाळी अनियमित आहे का आणि चेहऱ्यावर लव वाढली आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

फळा_खडू

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. अनुजाताईंच्या मुलाबाबत जे घडले ते वाचून वाईट वाटले. आमच्याकडे वजनकाटा आता मुख्याध्यापकांच्या खोलीत असतो, एका वेळी एकच मूल आत जाते आणि नोंद पालकांकडे बंद पाकिटातून जाते. याला एक पैसा जास्त लागत नाही.

शाळेविषयी खरे सांगायचे तर वेळापत्रकातले पीटीचे तास इयत्ता आठवीनंतर गणित आणि विज्ञान यांच्या पोटात जातात, आणि पालकसभेत त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आमच्या भित्तिपत्रकावर आहे. मैदान असूनही तो पूर्ण होत नाही. शहरांत मैदानच नसलेल्या शाळांचे काय होत असेल, याची कल्पना करवत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जादा चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. आमच्या फाटकासमोरच्या गाडीवाल्याला मी हे सांगायला गेलो तेव्हा त्याने शांतपणे विचारले, ‘सर, मग भुकेली पोरे खाणार काय?’ तेव्हापासून आम्ही मधल्या सुट्टीव्यतिरिक्त सकाळी दहा मिनिटांची छोटी खाऊसुट्टी देतो आणि त्यात घरचाच डबा असावा असा आग्रह धरतो. गाडी अजून तिथेच आहे, तिथली सकाळची गर्दी मात्र बरीच ओसरली आहे.

सीबीएसईने 2025 मध्ये शाळांतून साखर फलक लावायला सांगितले. कोणत्या पेयात किती साखर आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. आमची शाळा राज्य मंडळाची असूनही विज्ञानाच्या शिक्षिकेने तसा फलक मुलांकडूनच करून घेतला.

मूक वाचक

एरवी येथे लिहीत नाही. मी शाळेत असताना जाड होतो. घरचे, नातेवाईक, पीटीचे सर, सर्वांनी टोमण्यांनीच सुधारायचा प्रयत्न केला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की मी लोकांसमोर खाणे सोडले आणि खेळणेही सोडले. पालकांनी मुलासमोर त्याचे वजन पाहुण्यांना सांगू नये, एवढी विनंती आहे.

अनुजा_ठाणे

सर्वांचे आभार. ताटवाटी यांनी लिहिलेले चार ते आठ वाचून आमच्याच घरात कोणी पाहत बसले होते की काय, असे वाटले. अडचण एकच आहे. मी आणि नवरा दोघेही लोकलने परततो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात आणि त्या वेळी मुलाला सासूबाईच पाहतात. नातवाला खाऊ घालणे हाच त्यांचा आनंद आहे. ‘हे देऊ नका, ते देऊ नका’ असे सांगितले की त्यांना तो आरोप वाटतो आणि आठवडाभर अबोला असतो.

जुना वाडा

याचे उत्तर मी देतो, कारण मी दुसऱ्या बाजूला बसलेला आहे. आजी-आजोबांना ‘देऊ नका’ असे कधीही सांगू नये. काय द्यायचे ते सांगावे आणि ते त्यांच्या हातचे असावे. तुमच्या सासूबाईंना थालीपीठ, धिरडी, उसळी नक्कीच तुमच्यापेक्षा चांगल्या येत असतील. घरात बिस्किटांचे पुडे कोण आणते, हेही पाहा. आमच्या घरी ते मुलगा-सून महिन्याच्या सामानात आणतात आणि नाव माझ्यावर येते. डॉक्टरांनी तपासणीला बोलावले की त्यांनाही बरोबर न्या. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेले, यांत फरक पडतो. कार्डावरच्या शब्दाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

निर्गुडी

शेवटच्या वाक्यावर आपले फारसे दुमत नाही. मीही मुलासमोर तो शब्द वापरत नाही. रेषा दाखवते आणि ‘ही इथून पुढे आडवी न्यायची आहे’ एवढेच सांगते. आजींना बरोबर आणण्याची सूचना मात्र मी माझ्या दवाखान्यात लगेच अमलात आणणार आहे.

अनुजा, एका वेळी एकच बदल करा. पहिल्या महिन्यात फक्त चार वाजताचे खाणे. ते बसल्यावर जेवताना मोबाइल आणि टीव्ही बंद, हा नियम घरातील सर्वांना, म्हणजे वडिलांनाही. मग झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोडाची ओढही वाढते. खेळ त्याला आवडेल तो निवडू द्या. स्थूल मुलाला धावण्याच्या शर्यतीत उतरवले तर तो शेवटचा येतो आणि पुन्हा मैदानावर जात नाही. पोहणे, सायकल, कबड्डी यांत तो टिकतो. घरी रोज वजन करू नका. तीन महिन्यांनी, त्याच काट्यावर, उंचीसह मोजा. रक्ततपासणी मात्र त्याआधी करून घ्या.

फळा_खडू

डॉक्टर, हे तक्ते शाळेत वापरायचे असतील तर काय काळजी घ्यावी?

निर्गुडी

मुलांचा आणि मुलींचा तक्ता वेगळा असतो, ते आधी तपासा. वय इयत्तेवरून धरू नका. जन्मतारखेवरून पूर्ण वर्षे आणि महिने काढा, कारण दहा ते बारा या वयात सहा महिन्यांचा फरकही रेषेवरची जागा बदलतो. प्रत्येक मुलाचा कागद एकच ठेवा आणि दरवर्षीचा ठिपका त्याच कागदावर टाका. पाचवीपासून दहावीपर्यंतचे सहा ठिपके एका कागदावर असतील, तर कोणते मूल पालकांसह बोलवायचे हे तुम्हाला डॉक्टरांशिवायही दिसेल. ज्या मुलांचा ठिपका दोन वर्षे लागोपाठ वरची रेषा ओलांडतो आणि ज्यांची उंची वर्षभरात चार सेंटीमीटरही वाढलेली नाही, अशांची चिठ्ठी आधी द्या. वयात येऊन उंचीची वाढ जवळजवळ पूर्ण झालेल्या मुलींना हा उंचीचा निकष लावू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य तपासणी पथक तुमच्या शाळेत येते, त्यांनाही हे कागद दाखवता येतील.